पडद्याआधीची आई

सफाळ्याहून निघालेली पहाटेची लोकल वैतरणेचा पूल ओलांडत असताना कुणी ‘श्यामची आई’ वाचत असेल, तर त्या आईचा चेहरा वाचणाऱ्याने आपल्याच घरातून आणलेला असतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिलं. त्यात मोठा झालेला श्याम रात्रीमागून रात्र, अशा ४२ रात्री, आईच्या आठवणी सांगतो. हे सांगणंच पुस्तकाचा प्राण आहे. न्हाऊन झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून लहानगा श्याम हट्ट धरतो आणि आई लुगड्याचे ओचे धोंडीवर पसरते. या पुस्तकावरच्या चित्रपटात पडद्यावर दिसतो तो हट्टी पोर. पानावर मात्र, आईला ते ओलं लुगडं बदलता येणार नव्हतं, हे उशिरा उमगलेल्या मुलाचा गहिवरही सोबत ऐकू येतो. म्हणून आधी पुस्तक, असं मला मनापासून वाटतं.

कुणी म्हणेल, ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना ही आई आचार्य अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटानेच भेटवली. अगदी खरं. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम घराघरांत पोहोचला, चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. पण तो चेहराही अखेरचा ठरला नाही. २०२३ साली सुजय डहाके यांनी कृष्णधवल चित्रपटात ही आई पुन्हा शोधली, आणि त्यासाठी त्यांनाही त्या ४२ रात्रींकडेच यावं लागलं.