किल्ल्याची चौथी बाजू

दोन वर्षांपूर्वी लेंटमध्ये मी मासे सोडले होते. रत्नागिरीत राहून चाळीस दिवस मासे सोडणं म्हणजे काय, हे मिरकरवाड्याच्या वासात वाढलेल्यालाच कळेल. इन्स्टाग्रामही फोनवरून काढून टाकलं होतं. सकाळी पवित्र शास्त्रातला एक अध्याय, रात्री गुडघे टेकून प्रार्थना. आणि प्रार्थना झाली की पांघरुणात फोन घेऊन पैशांची रमी.

आंब्याचा सीझन सुरू झाला होता. बाबांची थोडी कलमं आहेत. पेट्या वाशीला जातात आणि पट्टीचे पैसे तेव्हा माझ्या खात्यावर यायचे, कारण बाबांना ॲपची कटकट नको असते. त्यातले अठरा हजार रुपये तीन आठवड्यांत गेले. मला चोरी करायची नव्हती. जिंकलो की बाबांना फवारणीचा नवा पंप घेऊन द्यायचा, असं ठरवलं होतं मी. अरण्यात येशूपुढे सैतान आला तेव्हा त्याने आधी भाकरीच पुढे केली होती, हे मला नंतर आठवलं. भुकेल्या माणसाने भाकर खाण्यात पाप कुठे असतं? मोह बहुतेक वेळा असाच घरगुती चेहरा घेऊन येतो.

त्या दिवसांत मला छळणारा प्रश्न वेगळाच होता. मी तर तटबंदी करत होतो. उपास, वाचन, प्रार्थना, सगळं खरं होतं, ढोंग नव्हतं. मग हे आत आलं कुठून?

रत्नदुर्ग तुम्ही पाहिला असेल. आम्ही त्याला भगवतीचा किल्ला म्हणतो. तीन बाजूंना समुद्र. चौथ्या बाजूने, जमिनीवरून, आपण बाइक घेऊन आरामात वर जातो. इग्नेशियस लोयोला हा मूळचा स्पॅनिश लढवय्या. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचं आयुष्य बदललं. पुढे त्याने जेझुइट संघ काढला. (मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स याच संघातले.) आध्यात्मिक साधनेवरच्या आपल्या पुस्तकात इग्नेशियस सैतानाला सेनापतीची उपमा देतो. तो किल्ल्याभोवती फिरून पाहणी करतो आणि जी बाजू कच्ची, तिथूनच हल्ला करतो. माझा उपास म्हणजे समुद्राकडच्या तटावर आणखी दगड रचणं होतं. मासे माझी कच्ची बाजू नव्हतीच.

तट वाढवत नेला की काय होतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात करुण उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. त्यांच्या वडिलांच्या, नाना गोखल्यांच्या, जवळच्या नातलगाला १८५७ च्या बंडानंतर फाशी झाली. त्या धक्क्याने नाना सोवळ्याच्या पार आहारी गेले. बाजारातून आलेलं मीठ आणि साखरसुद्धा धुवायची! मीठ धुतल्यावर उरणार काय? घरातली माणसं मात्र त्या पाण्यात भिजत राहिली. हे वाचून हसू येतं, पण आम्हा ख्रिस्ती घरांतही मीठ धुणारे कमी नाहीत. अमुक सिनेमा नको, तमुक मुलांत बसू नको. बाहेरून आत जाणारं माणसाला विटाळत नाही, अंतःकरणातून निघणारं विटाळतं, हे येशूने स्पष्ट सांगूनही आमचा सगळा पहारा दारावरच.

लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक, आमच्याच जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांचा शीघ्रकोप गेला का? हातात पैसा टिकू लागला का? लक्ष्मीबाईंना विचाराल तर नाही. त्यांनी नवऱ्याची थोरवी आणि त्याचा संताप एकाच हाताने, हसत हसत लिहून ठेवलाय. संतचरित्रं वाचून मला कधी धीर आला नाही, या पुस्तकाने दिला. आणि हेवाही वाटला. टिळकांच्या घरात त्यांची कच्ची बाजू पुरती ओळखणारं आणि तोंडावर सांगायला न भिणारं माणूस होतं. माझी कच्ची बाजू फक्त मला आणि त्या ॲपला माहीत होती.

इग्नेशियस आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला किल्ल्याच्या उपमेपेक्षाही खरी वाटते. मोह हा लबाड प्रियकरासारखा असतो, आपलं बोलणं कुणाला कळू नये एवढीच त्याची धडपड. आता फोनकडे बघा. पासवर्ड आपला, इअरफोन आपले, स्क्रीनवर पडणारा प्रकाशही आपल्याच तोंडावर. चोरून काही करायला याहून सोयीची जागा माणसाने आजवर बनवली नसेल.

मी प्रार्थना करत होतो, हे खरं. पण तीही खेळाइतकीच गुपचूप. प्रभूने शिकवलेली प्रार्थना लहानपणापासून पाठ आहे, तरी तिच्यात ‘मला’ कुठेच नाही, ‘आम्हांस’ आहे, हे कधी कानाला लागलं नव्हतं. परीक्षेतून वाचवायची विनंती सगळ्यांनी मिळून करायची आहे. इफिसकरांच्या पत्रातली ती प्रसिद्ध शस्त्रसामग्री, ढाल आणि शिरस्त्राण वगैरे, तीही पौल एकट्या वीराला देत नाही. अख्ख्या मंडळीला चढवायला सांगतो, आणि लगेच एकमेकांसाठी जागत प्रार्थना करायला लावतो. रोमन शिपाई ढालीला ढाल भिडवून उभे राहत. एकट्याच्या ढालीने पाठ झाकत नाही.

कुणी म्हणेल, मग देवाचं काम काय राहिलं? माणसाला सांगून सुटायचं असेल तर देव कशाला? मला याचं पक्कं उत्तर देता येत नाही. एवढंच जाणवलं की देवापुढे मी रोज कबूल होत होतो आणि रोज खेळत होतो. माणसापुढे तोंड उघडायला मात्र जी ताकद लागली, ती माझी नव्हती.

पवित्र आठवड्यात मी ताईला फोन केला. ती चिपळूणला असते.

“किती?” तिने विचारलं.

“अठरा.”

“हजार?” मग बराच वेळ काही नाही. “बाबांना तू सांगणार की मी?”

मीच सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत, पट्ट्यांची फाइल घेऊन पडवीत जाऊन बसले. ते मला ओरड्यापेक्षा जड गेलं.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली तेव्हा चर्चमधले मित्र म्हणाले, सुटलास. पण तोवर रमी जाऊन रात्री दोनपर्यंत शेअर बाजाराचे व्हिडिओ बघणं सुरू झालं होतं. झाडून रिकाम्या ठेवलेल्या घरात भूत आणखी सात भुतं घेऊन परत येतं, ती येशूची गोष्ट आठवा.

आता पट्टीचे पैसे बाबांच्या खात्यावर जातात. दर शनिवारी रात्री ताईचा मेसेज येतो: “कसं चाललंय?” बहुतेक वेळा मी खरं तेच लिहितो. मागच्या शनिवारी “ठीक” लिहिलं आणि फोन उलटा ठेवला. पाच मिनिटांनी तिचा फोन आला, “ठीक म्हणजे?”