वाघाच्या शेजारची माणसं

सफारीचं बुकिंग झालंय, कॅमेरा बॅगेत गेलाय. आता थोडा वेळ स्वस्थ बसा. खांदे सैल सोडा. श्वास जसा चाललाय तसा चालू द्या. उद्या ज्या जंगलात जायचं, तिथं आज मनानं जाऊन येऊ.

नागपूरहून उत्तरेला निघालो. कन्हान गेलं, मनसर मागे पडलं. सिल्लारीच्या वाटेला लागलो की पेंच व्याघ्र प्रकल्पाचा सागवान सुरू होतो. गेटकडे नजर जाण्याआधी इथल्या गावाकडे बघा. चैत्रातली पहाट आहे असं समजा. मोहाच्या झाडाखाली एक बाई मोहफुलं वेचते आहे. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं वाटू शकतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणून ती मधूनच उभी राहते, आजूबाजूला बघते, पलीकडच्या झाडाखालच्या शेजारणीला हाक मारते. तिकडून ओ येते. ती पुन्हा वाकते. तिच्याजवळ जरा थांबा.

आता स्वतःला विचारा : मी जो वाघ बघायला जातो, तो कोणाच्या सोसण्यावर जगतो? पेंचमधल्या तोतलाडोहच्या जलाशयात मासेमारीला बंदी आली, तेव्हा मासळी कोणाच्या ताटातून गेली? वाघानं गाय मारली, तर गोठा कोणाचा रिकामा होतो? वाघ साऱ्या देशाचा. त्याचा शेजार मात्र या गावांच्या वाट्याला. उत्तराची घाई नको. प्रश्न मनात राहू द्या.

मग दुसरी बाजू बघा. याच गावांतली मुलं आज गाईड आहेत, जिप्सी चालवतात. 2015 पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या घरांत गॅस पोचू लागला, सरपणासाठी रानात जाणं कमी व्हावं म्हणून. पर्यटनाचा पैसा गावात राहतो, तेव्हा तो त्यांचा हक्काचा वाटा असतो. उपकाराची भावना मनात डोकावली, तर तिला हळूच बाजूला करा.

आता रात्र होऊ द्या. जानेवारी 2024 मध्ये पेंच हे भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचं काळं आकाश जपणारं ठिकाण, ठरलं. त्यासाठी सिल्लारी, वाघोली, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवला गेला. जिथं अंधारात जनावराची भीती खरी आहे, तिथं दिव्याला हात लावायचा म्हणजे केवढा विश्वास लागतो! पायवाट उजेडात राहिली आणि वरचं आकाश काळंभोर झालं. गावाची गरज आणि पाहुण्याचा आनंद एकाच दिव्यात बसवता येतो. भागीदारी म्हणतात ती हीच. यावर सावकाश विचार करा.

एक अवघड आठवणही जवळ घ्या. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी गाईडवर बोट ठेवणं सोपं असतं. पण मागच्या सीटवरून ‘भाऊ, अजून थोडी पुढे घ्या ना’ असं कोण म्हणतं? ज्याची कमाई आपल्या खुशीवर अवलंबून, त्यानं नाही कसं म्हणावं? आपल्या आतली ती घाई ओळखा. तिच्यावर रागावू नका. तिला फक्त लगाम घाला.

एक दीर्घ श्वास घ्या आणि उद्यासाठी एवढं ठरवा. जिप्सीत बसल्याबरोबर गाईडला सांगायचं, ‘भाऊ, वाघ नाही दिसला तरी चालेल. तुम्ही म्हणाल तिथं थांबू.’ वाघ दिसो न दिसो, बक्षिसी तेवढीच द्यायची. जेवण गावातल्या घरचं घ्यायचं आणि घासाघीस न करता पैसे मोजायचे. एवढं झालं, की गाईडला नियम पाळणं परवडतं. आणि त्याला ते परवडलं, तरच वाघिणीला तिची वाट मोकळी मिळते.