पाणी घालण्याआधी

गेल्या पावसाळ्यात माझ्या खिडकीतल्या जेडची पानं वळायला लागली. जेड म्हणजे जाड, गुळगुळीत, नाण्याएवढ्या पानांचं ते झाड, जे नर्सरीवाले ‘हे काही मरत नाही’ असं सांगून विकतात. आधी कडा आत वळल्या, मग पानं सुरकुतली, बोटांनी दाबली तर मऊ लागायला लागली. मी साहजिकच पाणी घातलं. दोन दिवसांनी फरक पडला नाही म्हणून आणखी घातलं. आठवड्याभरात खालची पानं गळून कुंडीत पडली, तेव्हा ऑफिसमधून येताना खताची पिशवी घेऊन आले, कुंडी दुसऱ्या खिडकीत हलवली, आणि पुन्हा पाणी घातलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. प्रोडक्शनवर काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम बघायचा, हे मी नव्याने आलेल्यांना शिकवते. घरी मी एका आठवड्यात पाणी, खत आणि उजेड असं तिन्ही बदललं होतं. झाड सुधारलं असतं तरी कशामुळे ते मला सांगता आलं नसतं.

शेवटी कुंडी उलटी करून झाड बाहेर काढलं. माती चिखलासारखी होती, कुजका वास येत होता, आणि बरीचशी मुळं तपकिरी होऊन बोटांत तुटून येत होती. झाड पाण्यात उभं राहून तहानेने सुकत होतं. यात चमत्कार काही नाही. मुळांनाही ऑक्सिजन लागतो. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. मग पानं आपल्यातलं साठवलेलं पाणी वापरायला लागतात आणि सुरकुततात. पाणी कमी पडलेल्या झाडाचीही पानं अशीच सुरकुततात. लक्षण एकच, कारणं एकमेकांच्या नेमकी उलटी. फरक पानात दिसत नाही, मातीत दिसतो. माती कोरडी आणि पानं सुरकुतलेली असतील तर पाणी द्यावं. माती ओली आणि पानं सुरकुतलेली असतील तर मुळं बघावीत. त्यासाठी बोट दोन पेरं मातीत खुपसावं लागतं, एवढंच. मी ते एकदाही केलं नव्हतं.

आमच्या धंद्यात याचा जुळा भाऊ आहे. एखादा सर्व्हर संथ होतो, उत्तर आलं नाही म्हणून बाकीच्या यंत्रणा तीच विनंती पुन्हा पाठवतात, त्या वाढलेल्या ओझ्याने सर्व्हर आणखी संथ होतो, आणि मग आणखी विनंत्या. प्रत्येक यंत्रणा आपल्या परीने मदतच मागत असते, आणि सगळ्या मिळून त्या सर्व्हरला बुडवतात. यावरचा उपाय आम्हाला ठाऊक आहे: उत्तर आलं नाही तर आधी थांबायचं, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबायचं. यंत्राच्या बाबतीत हे पटकन पटतं. आपल्या जिवाच्या माणसाच्या बाबतीत थांबणं हा गुन्हा वाटतो.

कुजलेली मुळं कापली, झाड चार-पाच दिवस वर्तमानपत्रावर सावलीत कोरडं होऊ दिलं, मग वाळू आणि विटांचा चुरा जास्त, माती कमी अशा मिश्रणात लावलं. कुंडीखालची ताटली काढून टाकली. त्यानंतर आठवडाभर पाणी द्यायचं नाही, हा उपायाचा सगळ्यात अवघड भाग होता. रोज सकाळी हात तांब्याकडे जायचा.

तेव्हा मी या झाडाबद्दल पहिल्यांदा वाचलं. जेड मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, कोरड्या, खडकाळ उतारांवरचं. पाणी वाचवण्यासाठी ते दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतं आणि रात्री उघडतं. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा उजेडात वापरतं. आपल्याकडच्या पानफुटीचंही तसंच. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हायने या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीची पानं चक्क चावून पाहिली, आणि ती सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागतात असं लिहून ठेवलं. त्याचं ते टिपण १८१५ मध्ये छापलं गेलं. मला या माणसाचा हेवा वाटला. एकच पान दिवसातून तीन वेळा चाखून बघण्याइतकं लक्ष त्याने त्या झाडाकडे दिलं. मी दोन वर्षं जेडला तुळशीसारखं वागवत होते, कारण घरात मी तुळशीला पाणी घालतानाच पाहिलं होतं.

आता खरा प्रश्न. मी जे करत होते ती काळजी होती का? हेतू चांगला होता, कष्ट घेतले होते, पैसेही खर्च केले होते. जोन ट्रॉन्टो या अमेरिकी विचारवंत बाईंनी १९९३ च्या ‘मॉरल बाउंडरीज’ या पुस्तकात काळजीचे चार नैतिक घटक सांगितले आहेत: लक्ष, जबाबदारी, क्षमता आणि प्रतिसादाची जाण. मला त्यातली ‘क्षमता’ आधी खटकली. ती कौशल्याची बाब झाली, नीतीची कशी? पण कुजलेली मुळं हातात घेतल्यावर ते समजतं. आपल्या अज्ञानाची किंमत दुसरा जीव मोजत असेल, तर ‘मला माहीत नव्हतं’ हे तांत्रिक स्पष्टीकरण राहत नाही. आणि चौथा घटक त्याहून बोचरा: काळजी ज्याची घेतली त्याला ती कशी पोचली, हे बघितल्याशिवाय ती पुरी होत नाही. मी पाणी घालून मोकळी होत होते. पाणी घातल्यावर माझी अस्वस्थता कमी व्हायची. ते पाणी बरंचसं माझ्यासाठी होतं.

हे लिहिताना मला झाडापेक्षा बाबांची आठवण जास्त येते आहे. ते साताऱ्यात एकटे राहतात. आई जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या जूनमध्ये ते मंडईच्या वाटेवर पाय घसरून पडले, मनगट मुरगळलं. मी पुण्याहून दुसऱ्या दिवसापासून भाजी, किराणा, औषधं सगळं घरपोच सुरू केलं आणि दिवसातून तीन फोन. ते हळूहळू कमी बोलायला लागले. मी निदान केलं: एकटेपणा. उपाय केला: चौथा फोन.

जेड कुंडीत परत लावल्यावर एका रविवारी मी साताऱ्याला गेले आणि विचारलं, “बाबा, माझ्या फोनचा त्रास होतो का तुम्हाला?” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्रास नाही गं. पण तू विचारतेस जेवलात का, गोळी घेतलीत का. मी हजेरी देतो. आणि मंडई बंद झाल्यापासून सांगण्यासारखं घडतंच काय दिवसभरात?”

इथे एक आक्षेप मला स्वतःवरच घ्यावा लागतो. ‘जास्त करू नका, ज्याचं त्याला जगू द्या’ हे आळशी माणसाच्या फार सोयीचं तत्त्वज्ञान आहे. कितीतरी म्हातारी माणसं जास्त काळजीने नाही, विचारपूसच न झाल्याने खंगतात, आणि त्यांची मुलं त्याला ‘त्यांना मोकळीक दिली’ असं म्हणतात. पाणी न घालणं ही गोष्ट बाहेरून दोन्हीकडे सारखीच दिसते, पानांसारखी. माझ्या मते फरक मातीत घातलेल्या बोटाचा आहे. बोट घालून, ओल आहे हे कळून थांबलेला माणूस काळजी घेत असतो. बोट न घालता थांबलेला आणि बोट न घालता ओतणारा, हे दोघेही फक्त स्वतःशी बोलत असतात.

आणि झाडाची उपमा इथे संपते. जेड तर बोलू शकत नव्हतं, त्याला उपटून बघावं लागलं. बाबांना विचारता येत होतं, आणि मी सहा महिने विचारलं नव्हतं.

आता तांदूळ, तेल घरपोच जातं, भाजी बाबा आणतात. फोन रात्री एकच, बहुतेकदा त्यांचाच. परवा त्यांनी वांग्याच्या भावावरून झालेली हुज्जत दहा मिनिटं सांगितली. पण पाऊस लागला की मला तो मंडईचा उतार दिसतो. ते पुन्हा पडू शकतात, आणि पडले तर मी थांबले म्हणून पडले असं मला वाटणार, हे मला आत्ताच ठाऊक आहे. ही भीती घालवायचा उपाय माझ्याकडे आहे, एका क्लिकवर भाजी पुन्हा सुरू करता येते. मी अजून केलेली नाही.

जेडला शेंड्याला दोन नवी पानं आली आहेत. जुनी सुरकुतलेली काही सरळ झाली, काही तशीच राहिली.