निमंत्रक आणि समस्त आप्तेष्ट

लग्नपत्रिकेत कुणाकुणाची नावं घालायची, हा मराठी माणसापुढचा सर्वांत अवघड नैतिक प्रश्न आहे. सत्य-अहिंसा वगैरे त्यामानानं सोपं; ती पाळली नाहीत तरी कुणी रुसत नाही. पण पत्रिकेत धाकट्या काकांचं नाव राहिलं, तर पुढच्या तीन मुंजी त्यांच्याविना होतात.

शास्त्रज्ञ यातून सुटले असतील, अशी माझी समजूत होती. पण जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या दोन प्रयोगांनी मिळून २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावर एक निबंध छापला. पानं ३३, त्यांतली २४ नुसत्या नावांची! लेखक ५,१५४. याला म्हणतात पत्रिका! 'एकही मावशी सुटली नाही,' असं मी कौतुकानं भाच्याला म्हणालो. तो मुंबईत बसून याच सर्नची आकडेमोड करतो.

"सुटल्यात की, मामा," तो म्हणाला. "ज्यांच्या जिवावर गणित चालतं, ते बरेचसे त्यात नाहीतच."

ही आकडेमोड चाळीसहून अधिक देशांतल्या सुमारे १७० केंद्रांत वाटून होते. एक केंद्र आपल्या कुलाब्याला आहे. आता एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची मदत लागते, दुसऱ्याला तिसऱ्याची. बरं, प्रत्येकाला मदतनीस ठरावीक आवृत्तीचाच हवा! दोघांच्या आवृत्त्या जुळल्या नाहीत की संपलं. थोरली आत्या असेल तिथे धाकटी पाऊल टाकत नाही, त्यातलाच प्रकार. तोडगाही कार्यालयातलाच: दोघींना वेगळ्या खोल्या, आपापल्या सामानासकट. त्याला म्हणे कंटेनर म्हणतात. शिवाय सगळ्या केंद्रांना मिळून एक कोठीघर आहे, सर्नव्हीएम-एफएस नावाचं. किल्ली यजमानांकडे, इतरांनी लागेल तेवढाच जिन्नस मागवायचा आणि पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवायचा. जुन्या आवृत्त्याही सहसा टाकत नाहीत. दहा वर्षांनी तेच गणित केलं तर उत्तर तेच यायला हवं ना! (आमच्या माळ्यावर हेच तत्त्व चालतं, पण घरात त्याला विज्ञान म्हणत नाहीत.)

कोठीची व्यवस्था चोख झाली, पण लाडू कुणी वळले? पुष्कळदा कुणीतरी नोकरी सांभाळून, रात्री जागून, फुकट. २०१६ साली अशाच एकानं आपला अकरा ओळींचा प्रोग्रॅम सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला. सर्नच्या नव्हे, वेबसाइटवाल्यांच्या. त्याचं काम काय, तर मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणं! हजारो प्रोग्रॅम अडले. त्या दिवशी लोकांनी त्याचं नाव विचारलं. भांडण तरी कशावरून? त्याच्याच दुसऱ्या एका प्रोग्रॅमच्या नावावरून!

आता ५,१५४ नावांखाली याही मंडळींची नावं घालायची म्हटली, तर थांबायचं कुठे? निबंधात सॉफ्टवेअरचाही उल्लेख करावा, असा आग्रह हल्ली धरतात. ठीकच आहे, पण उल्लेखानं जागरणाची भरपाई होते, असं मला वाटत नाही. निदान रुसण्याआधी एकदा विचारपूस तरी?

"तू लिहिलंस का कधी त्यांतल्या कुणाला?" मी भाच्याला विचारलं.

"तक्रार कळवली होती एकदा. रात्रीत दुरुस्त करून दिलं त्यानं."

"मग? आभार?"

भाचा पुन्हा कॉम्प्युटरकडे वळला.