आधी त्यांचं बोलणं ऐक

सांगली,
१४ मे

चि. सोनू,


तुझं लांबलचक पत्र सावकाश वाचलं. पवित्र पोर्टलवर नाव लागलं तेव्हा तू नकाशात रावेर तालुका शोधत होतीस. आता तूच मला केळीच्या मृगबाग, कांदेबाग आणि पिलबाग यांतला फरक समजावून सांगतेस. शिक्षण सेवक म्हणून पहिलं वर्ष पार पडलं, तेही सातपुड्याच्या पायथ्याशी, घरापासून इतक्या लांब. तुझं मनापासून कौतुक वाटतं.

पत्राच्या शेवटी तू जे विचारलं आहेस, त्याचं उत्तर आधी देते. वर्षभर लाल शाईच्या खुणा करूनही सहावीची मुलं ‘पानी’, ‘डोया’ असंच लिहितात, केंद्रप्रमुखांनी वह्या बघून नाराजी दाखवली, मी कमी पडतेय का, असा तुझा प्रश्न आहे.

ज्या घरात ‘पानी’ म्हणतात, त्या घरातल्या मुलानं ‘पानी’ लिहिलं, तर त्याला लिपी उत्तम आली आहे. पहिलीपासून आपण त्याला सांगत आलो की जसं बोलतोस तसं लिही, आणि त्यानं ते इमानानं केलं. खानदेशात आणि वऱ्हाडाच्या मोठ्या भागात ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. त्यात नेम आहे, गबाळेपणा नाही. डोळ्याचा डोया होतो तसा काळ्याचा काया होतो. मुलं त्यात गडबड करत नाहीत. गडबड कुठे सुरू झाली ते तुझ्याच पत्रात आहे. दिवाळीनंतर काही मुलं ‘मन’ऐवजी ‘मण’ आणि ‘कान’ऐवजी ‘काण’ लिहायला लागली, असं तू सहज एका ओळीत लिहून गेली आहेस. माझ्या दृष्टीनं तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच. लाल खुणांमधून मुलांपर्यंत एवढंच पोचलं की ‘न’ लिहिला की बाई रागावतात. मग दिसेल तिथे ‘ण’ घालून मोकळं व्हायचं! फरक कानाला कळलाच नाही, तर हात तो कुठून उमटवणार?

म्हणून आधी कान तयार कर. रोज दहा मिनिटं दे, वह्या मिटलेल्या. कोन–कोण, सन–सण, खान–खाण, मन–मण. तू म्हण, त्यांनी कुठला आवाज ऐकला ते हात वर करून दाखवायचं. मग त्यांच्यातल्या एकानं म्हणायचं आणि तू ओळखायचं. ‘ळ’साठी गाळ–गाय, वेळ–वेल, माळ–माल. जीभ कुठे टेकते ते त्यांना एकमेकांच्या तोंडाकडे बघून शोधू दे. या कामात मुलं फार रमतात. आणि हे करताना एक गोष्ट स्वच्छ शब्दांत सांग: घरी आपण असं बोलतो, ते बरोबर आहे, पुस्तकात, अर्जात, परीक्षेत असं लिहितात, तेही आपल्याला यायला हवं. यातलं पहिलं वाक्य गाळून नुसतं दुसरं कधी सांगू नकोस. पहिलं गाळलं की मूल गप्प होतं, आणि गप्प झालेल्या मुलाला भाषा शिकवण्याचा कुठलाही उपाय मला माहीत नाही.

तुझ्याच जिल्ह्याचं उदाहरण समोर आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या आणि कविता मुलानं, सोपानदेवांनी, टिपून ठेवल्या होत्या. त्या गेल्यावर वर्षभरात, १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचा संग्रह निघाला आणि सगळ्या महाराष्ट्रानं तो डोक्यावर घेतला. त्यात ‘ण’चा ‘न’ आहे, ‘ळ’चा ‘य’ आहे. ज्या बोलीतली कविता आपण मुलांना पाठ करायला लावतो, त्याच बोलीतल्या वाक्यावर त्याच मुलांच्या वहीत फुली मारायची, हे मला कधीच पटलेलं नाही.

आता वह्या. एका वहीतल्या सगळ्या चुका सारख्याच लाल दिसतात, पण त्या एका जातीच्या नसतात. ‘पानी’ ही बोलीतून आलेली. ‘सर्व’चं ‘र्सव’ ही लिपीतून आलेली: रफाराचा उच्चार आधी होतो आणि तो बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, त्यामुळे मूल तो आधीच्या अक्षरावर ठेवतं. त्याचा तर्क सरळ आहे, लिपीच वाकडी जाते. पहिली वेलांटीही तशीच, उच्चार अक्षरानंतर आणि जागा अक्षराच्या आधी. ‘र’ची सूर्य, चक्र, ट्रक आणि तऱ्हा ही चार रूपं एकाच आठवड्यात फळ्यावर शेजारी शेजारी मांड, पुस्तकात ती विखरून येतात आणि मुलांना ती चार वेगळी अक्षरं वाटतात.

तिसरी जात नियमाची. ‘फूल’ दीर्घ आणि ‘फुलाला’ ऱ्हस्व का, हे कानाला कळत नाही; ते नियमानंच शिकावं लागतं. साहित्य महामंडळानं केलेले चौदा नियम १९६२ साली मान्य झाले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. एवढे अठराच नियम आहेत. सहावीत त्यांतले दोन-तीन पुरेत: शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ, ‘आणि’ व ‘नि’ यांचा अपवाद, आणि फूल–फुलाला. कवी दीर्घ पण कविसंमेलन ऱ्हस्व, हे आठवीला ठेव. शक्य झालं तर कुणाच्या घरचं जुनं पत्र किंवा खरेदीखत वर्गात आणायला सांग. त्यात ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असे अनुस्वार दिसतील. ते तेव्हा शुद्ध होते आणि आज नाहीत. नियम माणसांनी ठरवले आहेत, सगळ्यांना एकमेकांचं लिहिलेलं नीट वाचता यावं म्हणून ठरवले आहेत, हे मुलांना कळलं की त्यांच्या मनातली भीती जाते आणि शिस्त राहते. मला दोन्ही हवं आहे. प्रमाणलेखन सोडून द्यावं असं म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत त्यांची मुलं ते कुठेही शिकतील. तुझ्या वर्गातली मुलं ते तुझ्याकडून शिकली नाहीत, तर उद्या अर्जातल्या एका वेलांटीवरून कुणीही त्यांना हिणवेल.

तेव्हा एका आठवड्यात एकाच जातीची चूक तपास. बाकीच्या दिसल्या तरी हात आवर. आणि मुलांना आधी सांग की या आठवड्यात मी फक्त रफार बघणार आहे.

केंद्रप्रमुखांबद्दल मनात अढी धरू नकोस. त्यांना एका दिवसात बऱ्याच शाळा बघायच्या असतात, वही उघडली की लाल खुणाच आधी दिसतात. पुढच्या भेटीत एकाच मुलाची जूनमधली आणि डिसेंबरमधली पानं शेजारी ठेवून दाखव. वाद झालाच तर नम्रपणे शिक्षणहक्क कायद्याचं कलम २९ पुढे कर. शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, असं २००९ च्या त्या कायद्यातच लिहिलं आहे.

पाड्यावरून येणाऱ्या पावरा मुलींचं मात्र वेगळं आहे. ‘पानी’ लिहिणाऱ्या, लेवा बोली बोलणाऱ्या मुलाला मराठीत एक पायरी चढायची आहे. या मुलींना भाषाच नवी आहे. घरी पावरी, शाळेत मराठी, बाजारात कधी हिंदी. तू लिहितेस की त्या दिवाळीपर्यंत बोलल्याच नाहीत आणि वर्गशिक्षकांनी त्यांना ‘अप्रगत’ म्हणून बाजूला काढलं. नवी भाषा कानावर पडत असताना मूल बरेच दिवस गप्प राहतं. तेवढ्या काळात त्याचं शिकणं चालूच असतं. ‘उभी राहून सांग’ असं त्यांना म्हणू नकोस. वस्तू दाखव, कृती करायला सांग, चित्रावर बोट ठेवायला सांग. त्यांच्याकडून पावरीतले शब्द शिकून घे आणि एका वहीत लिहून ठेव. बाई आपली भाषा शिकताहेत, अडखळताहेत, हे त्यांनी रोज बघायला हवं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाच्या कामाला लागल्या आणि पुढे कोसबाडच्या वारली पाड्यांवर गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात. ‘कुरणशाळा’ ती हीच. फलटणला मॅक्सीन बर्नसन भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी अमेरिकेहून आल्या. गावातली माणसं कशी बोलतात याचा त्यांनी अभ्यास केला, तिथेच राहिल्या आणि शाळा काढली. या तिघींची पुस्तकं आणि लेख मिळतील तिथून वाच. शिकवण्याआधी त्यांनी मुलांचं जगणं आणि बोलणं किती बारकाईनं पाहिलं, तेवढं जरी त्यातून घेतलंस तरी पुष्कळ.

आणि तुलाही ते येतं, तू फेब्रुवारीत केलंच आहेस. सातवीच्या त्या मुलानं केळीचा घड कसा उतरवतात ते सांगितलं तो तास. एकानं कापायचा, दुसऱ्यानं खांद्यावर झेलायचा, खाली पानं अंथरायची, कारण फळाला डाग पडला की व्यापारी भाव पाडतो. तू ते त्याच्याच शब्दांत फळ्याच्या डाव्या बाजूला लिहून घेतलंस, एक अक्षर न बदलता. मग उजव्या बाजूला सगळ्या वर्गानं मिळून पुस्तकी मराठीत उतरवलं. ‘हे आपण असं म्हणतो, ते तसं लिहितात’ यावरून मुलं आपसांत भांडली, असं तू लिहिलंस. सोनू, व्याकरणाचा याहून चांगला तास मी माझ्या नोकरीत क्वचितच पाहिला असेल! त्या तासाला तू प्रस्तावनेचे प्रश्न विचारले नाहीस, उद्दिष्टकथन केलं नाहीस, म्हणून तुला चुटपुट लागली आहे. ती सोडून दे. बी.एड.ला शिकवलेल्या पायऱ्या नवख्या माणसाला वर्गात उभं राहायला आधार म्हणून ठीक आहेत. पाठ टाचण जरूर काढ, पण समोरचं पान कोरं ठेव आणि त्यावर त्या तासाला मुलं काय बोलली तेवढंच लिही. वर्षाच्या शेवटी शिकवण्याच्या कामाचं तेच पान ठरेल.

राहिलेलं थोडक्यात. प्रश्न विचारल्यावर लगेच स्वतः उत्तर देऊ नकोस, मनात पाच आकडे मोज. दुसऱ्या भाषेतून विचार करणाऱ्या मुलाला तेवढा वेळ लागतोच. कविता असेल तर शब्दार्थ फळ्यावर लिहिण्याआधी ती दोन-तीनदा नुसती वाच, चांगली वाच. निबंध गाईडमधून आला की ओळखू येतो. विषयच असा दे की गाईडमध्ये सापडणार नाही. त्यांच्या गावात उदंड विषय आहेत. आणि घसा सांभाळ. पहिल्या वर्षी सगळ्या जणी ओरडून शिकवतात. तू हळू बोललीस तर वर्गही हळू बोलतो, पण त्याला महिनाभर जावा लागतो, तेवढा धीर धर.

जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा नवी सहावी येईल. पहिला आठवडा पुस्तक उघडू नकोस. रोज चार-पाच मुलांना जवळ बसवून बोलतं कर: घरी कोण कोण, वाटेत काय लागतं, सकाळी काय खाल्लंस. मधे एकदाही सुधारू नकोस. रात्री आठवून लिहून काढ की कोण ‘ण’ म्हणतं, कोण ‘न’, कोण मराठीतून बोलतं, कोण समोरच्याचं ऐकून मान हलवतं, कुणाला शेजारची मैत्रीण शब्द पुरवते. ती यादी मला पाठव. तिच्यावरून पहिल्या सहामाहीत कुणाला काय द्यायचं ते आपण फोनवर ठरवू.

उन्हाचं बाहेर फिरू नकोस. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

तुझी,
आत्या