हात वर करण्याचा व्यायाम

हात वर करणं हा अगदी निरुपद्रवी व्यायाम आहे, असं माझं परवापरवापर्यंत ठाम मत होतं. सोसायटीच्या सभेत कोणी कसलीही समिती काढो, माझा हात आधी वर! फुकटात पुण्य मिळत असेल तर सोडा कशाला?

हे मत बिघडवलं माझ्या भाच्याने. तो असतो बंगळूरला, संगणकांच्या जाळ्यात. एका यंत्राने दुसऱ्याशी कसं बोलावं याचे नियम ठरवणारी ‘इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स’ नावाची एक मंडळी आहे. १९८६च्या जानेवारीत सॅन डिएगोला त्यांची पहिली बैठक झाली, तेव्हा हजर माणसं एकवीस. बटाटेवडे असले तर आमच्या सभेला याहून जास्त जमतात.

तिथे नवा कार्यगट काढायचा तर आधी एक चाचपणीची बैठक होते. नाव ‘बर्ड्‌स ऑफ अ फेदर’, म्हणजे आपले एकाच माळेचे मणी. पण मणी जमले की माळ झाली, असं ते मानत नाहीत. प्रश्न नेमका कोणता? सुटण्याजोगा आहे का? उत्तर कोणाला हवंय? आणि मुख्य म्हणजे, मसुदा लिहिणार कोण, तपासणार कोण? अशी बैठक एका विषयावर एकदा, फार तर दोनदा. तिसरी नाही, असं १९९८च्या त्यांच्या नियमावलीतच आहे. गट निघालाच तर त्याला कामं आणि मुदती लेखी नेमून देतात. काम संपलं की गट बरखास्त.

“बरखास्त? मग अध्यक्षांनी जायचं कुठे?”

“घरी, मामा.”

“आणि हात किती वर झाले, ते?”

“मतं मोजून निर्णय घेतच नाहीत. जुनी रीत गुणगुणण्याची. आवाजावरून कल अजमावायचा. पण एकाचाही आक्षेप खरा असला, तर त्याला उत्तर द्यावं लागतं.”

“इतकं विचारत बसलं तर काही सुरूच व्हायचं नाही रे!”

“होतं की. आपण आत्ता बोलतोय ते तिथल्याच नियमांवर.”

मी हसलो, पण रात्री झोप येईना. बारा वर्षांपूर्वी सोसायटीत वाचनालय काढायचं ठरलं होतं. ठराव एकमताने मंजूर. तळमजल्यावरच्या मास्तरांनी आपली दोन कपाटं पुस्तकं उत्साहाने जिन्याखालच्या खोलीत आणून ठेवली. रोज कुलूप कोण उघडणार, हे मात्र कोणीच विचारलं नाही. पावसाळ्यानंतर उघडलं, तेव्हा आत वाळवी होती. हात वर न करता काम करणारी तेवढी एकच!

मास्तर रागावले नाहीत. एक पुठ्ठा झटकत म्हणाले, “कल्पना सगळ्यांना आवडली होती हो.”

त्या दिवशी कोणी ‘नको’ म्हणालं असतं, तर आम्ही त्याला खडूस ठरवलं असतं. पण पुस्तकं मास्तरांच्या कपाटात सुखरूप राहिली असती. माझा ‘हो’ म्हणजे मास्तरांकडून घेतलेली उधारी होती, आणि ती मी पुण्याच्या खात्यावर जमा धरून बसलो होतो.

गेल्या रविवारी सभेत पुन्हा वाचनालयाचा विषय निघाला. सवयीने हात उचलला, अर्ध्यावर थांबवला आणि म्हणालो, “मंगळवारी संध्याकाळी एक तास कुलूप मी उघडेन. त्याहून जास्त जमणार नाही.”

सभेत शांतता पसरली. इतिवृत्तात हे अनुकूल लिहावं की प्रतिकूल, असं सचिव शेजारच्याला विचारत होते.