हृदया, साक्ष देऊ नकोस

नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या माणसांच्या कबरींवर फुले ठेवतो, मेणबत्त्या लावतो. शवपेटी बंद होण्यापूर्वी त्यांच्या बोटांत गुंफलेली जपमाळही मग आठवते. मृताला रिकाम्या हाताने धाडू नये असे माणसाला फार पूर्वीपासून वाटत आले आहे. प्राचीन इजिप्तच्या लोकांनी तर त्यात काही कमी ठेवले नाही. १९२२ साली हॉवर्ड कार्टर यांना तुतनखामुन राजाची कबर सापडली. पुढे १९२५ मध्ये त्याच्या देहावरील वस्त्रे उलगडली, तेव्हा ताईत आणि दागिने मिळून शंभराहून अधिक वस्तू निघाल्या.

या ताइतांपैकी एकाजवळ आपण थोडे थांबू या. देह टिकवताना हे लोक मेंदू काढून टाकून देत. फुप्फुसे, यकृत, जठर, आतडी निरनिराळ्या बरण्यांत ठेवीत. हृदय मात्र देहातच राहू देत, कारण विचार आणि आठवण यांचे घर तेच, अशी त्यांची समजूत होती. परलोकी ओसिरिस देवासमोर ते तराजूत घातले जाई. दुसऱ्या पारड्यात सत्याचे पीस. हृदय तोलात उतरले नाही, तर मगरीच्या तोंडाची अम्मित ते गिळून टाकणार आणि माणूस कायमचा संपणार!

म्हणून छातीवर हिरव्या दगडाचा शेणकिडा ठेवीत. त्याच्या पोटाकडच्या सपाट बाजूस मंत्र कोरलेला असे. त्यात मृत मनुष्य आपल्याच हृदयाला विनवतो, की न्यायाच्या वेळी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.

ही लबाडी म्हणायची काय? आम्हाला एकदम तसे म्हणवत नाही. ज्याला आत कोणी साक्षीदार आहे असे वाटतच नाही, तो कशाला विनवणी करील? आपले सगळे जाणणारा आपल्याच छातीत बसला आहे, हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते. सज्जनालाही त्या तराजूची भीती वाटली असेल.

आम्हाला खटकते ते दुसरेच. कबरीत ठेवायच्या ‘मृतांच्या पुस्तका’त बेचाळीस न्यायाधीशांपुढे करायची निवेदने असत. मी चोरी केली नाही, खोटे बोललो नाही, कोणाला रडवले नाही, अशी. काही गुंडाळ्या आधीच लिहून तयार असत आणि नावाची जागा तेवढी मोकळी असे. माणूस कोण ते ठरायचे होते, त्याचे निर्दोषत्व मात्र लिहून झाले होते.

इ.स.पू. ११०० च्या सुमारास, नवव्या रामसेसच्या काळात, थेब्ज येथे कबरी फोडणारी एक टोळी पकडली गेली. त्यांतल्या एका पाथरवटाचा जबाब पपायरसवर टिकून आहे. तोही त्याच श्रद्धेत वाढलेला. सोबेकेमसाफ राजाच्या गळ्यातले ताईत आणि सोने आम्ही काढून घेतले, शवपेट्या जाळल्या, असे त्याने मार खाल्ल्यावर सांगितले. पूर्वीही एकदा त्याला अटक झाली होती, असे त्याच जबाबात आहे. तेव्हा त्याने आपल्या वाट्याचे सोने एका कारकुनाला दिले आणि तो सुटला. सोबत्यांनी आपापल्या वाट्यातून त्याची भरपाई केली, आणि ते सगळे पुन्हा कबरी फोडायला गेले.